डोळ्यानं जीव धरला

धानाच्या एका फुलातले सहा पुंकेसर काढायला मला पाऊण मिनिट लागतं, असं मी म्हणते. सोबतच्या बाया म्हणतात, दीड मिनिट. त्या जळतात, दुसरं काही नाही.

माझं काम सांगितलं की नवीन माणसाला हसू येतं. सिंदेवाहीकडं भात संशोधनाच्या शेतावर मी धानाची लग्नं लावते. धानाच्या फुलात नर आणि मादी एकाच खोलीत राहतात, त्यामुळं ते बाहेरचं स्थळ पाहतच नाही. नवीन वाण काढायचं तर आधी त्या नराला घराबाहेर काढावं लागतं. फुलाचं टोक बारीक कात्रीनं छाटायचं, चिमट्याची टोकं आत घालायची, सहाच्या सहा पुंकेसर उचलायचे आणि मधल्या मादीला धक्काही लागू द्यायचा नाही. मग लोंबीवर बटर पेपरची पिशवी चढवायची. दुसऱ्या दिवशी दहा-अकराच्या उन्हात दुसऱ्या वाणाची लोंबी आणून तिच्यावर झटकायची, की लागलं लग्न. मी बारावी झालेली, रोजीनं निंदण काढायला आलेली बाई. एका साहेबांनी माझा हात पाहिला आणि विळा काढून चिमटा दिला. त्याला चौदा वर्षं झाली.

या कामाला दोन्ही डोळे लागतात. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

माझा स्वभाव तापट आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या डोळ्याच्या गोष्टीत त्याचाही वाटा आहे.

गोष्ट सुरू झाली दिवाळीनंतरच्या कापणीत. सुट्टी काढून मी घरच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, धान कापत होते. मूठ आवळली, विळा ओढला आणि एक पातं सटकन उजव्या डोळ्यात गेलं. धानाच्या पात्याला कसली धार असते ते कापणाऱ्यालाच ठाऊक. मी डोळा चोळला, दोन शिव्या दिल्या आणि पुढची मूठ धरली. घरी आल्यावर शेजारणीनं तिच्या बाळंतीण सुनेच्या दुधाचे थेंब घालायचं सुचवलं. मी म्हटलं, मी संशोधनात काम करणारी बाई, असलं काही करत नसते. आणि मोठ्या ऐटीत औषधाच्या दुकानातून, डॉक्टरला न विचारता, थेंबांची एक बाटली आणून घातली. म्हणजे अक्कल दोघींचीही सारखीच.

चौथ्या दिवशी डोळ्यात पांढरा ठिपका दिसू लागला, उजेडाकडं पाहवेना आणि ठणका असा की मी नवऱ्याशी भांडणंसुद्धा सोडलं. तेव्हा तो घाबरला. मोटारसायकलवर बसवून त्यानं मला मूलच्या रस्त्यानं थेट चंद्रपूरला नेलं.

तिथल्या डोळ्यांच्या दवाखान्यातली डॉक्टर वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढी. तिनं डोळा बधिर करून ठिपका हलकेच खरवडला, काचेवर घेऊन तपासला आणि म्हणाली, "ताई, बुरशी आहे."

मी म्हटलं, "मॅडम, आमच्या धानावर करपा येतो, तीही बुरशीच. आम्ही फवारणी करतो."

"इथंही फवारणीच करायची आहे," ती म्हणाली, "फक्त दर तासाला."

दीड-दोन महिने तेच चाललं. बुरशी मेली. ठणका गेला. बुबुळाच्या कडेला, नाकाच्या बाजूला, एक पांढरा डाग राहिला. आमच्याकडं त्याला फूल पडलं म्हणतात. मधला भाग मात्र स्वच्छ होता. डॉक्टरनं बजावून सांगितलं, "दर पंधरा दिवसांनी न चुकता दाखवायला यायचं. बरं वाटलं तरी यायचं."

मी हो म्हटलं. डॉक्टरला सगळेच हो म्हणतात.

आता माझ्या सासूबाईंबद्दल सांगायला हवं. मी त्यांना आत्याबाई म्हणते. आमच्या गावात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, झाला की आठव्या दिवशी आत्याबाईंना बोलावणं येतं. त्या बांधीत उतरतात, मधलाच एक पऱ्हा, म्हणजे लावलेलं रोप, हळूच उपटतात, चिखल धुतात आणि उन्हात धरून मुळी पाहतात. जुन्या काळपट मुळ्यांत नवी पांढरी मुळी फुटलेली दिसली की म्हणतात, "जीव धरला." त्या म्हणाल्या की मगच लोक खत टाकतात. कृषी सहायक काहीही सांगो, आत्याबाईंनी जीव धरला म्हटल्याशिवाय गावात पोतं उघडत नाही. विशेष म्हणजे हे सगळं त्या एका डोळ्यानं करतात. त्यांचा डावा डोळा पांढरा आहे, आणि त्या पांढऱ्यावर लाल रेघांचं जाळं. माझं लग्न झालं तेव्हापासून तो तसाच. मी कधी विचारलं नाही. सासूच्या डोळ्यात डोळे घालून बोलायची सवय मला असली, तरी त्या डोळ्याचं विचारायची हिंमत नव्हती.

जानेवारीच्या शेवटी उन्हाळी धानाचा रोवणा सुरू झाला. एका सकाळी आरशात मला दिसलं, की बुबुळाच्या काठावरून दोन-तीन बारीक लाल धागे त्या पांढऱ्या डागाकडं निघालेत. मी आत्याबाईंना हाक मारली. त्यांनी मला अंगणात नेलं, हनुवटी धरून तोंड उन्हाकडं वळवलं आणि पऱ्ह्याची मुळी पाहावी तशा बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांचा चेहरा उजळला.

"जीव धरला वो बाई तुह्या डोळ्यानं! रगत येऊन राह्यलं. मेला असता त काऊन आलं असतं?"

आणि मी, संशोधनात काम करणारी बाई, मान डोलावली. मला ते पटलंच. नवी मुळी फुटणं ही चांगलीच गोष्ट, हे मी लहानपणापासून बांधीत पाहत आले होते. नवरा खूष होऊन तलावावर मासे धरणाऱ्या ढिवरांकडून झिंगे घेऊन आला. आत्याबाईंनी रस्सा केला. शेजारच्या बाया माझा डोळा पाहून गेल्या आणि रस्साही चाखून गेल्या. पंधरा दिवसांची तारीख आली तेव्हा रोवणा अर्धा झाला होता. पुढची आली तेव्हा एका बांधीचं पाणी फुटलं होतं. डोळा तर सुधारतोच आहे, मग एसटीचे धक्के खात कशाला जायचं, असं आमचं एकमत झालं. आमच्या घरात एकमत क्वचित होतं, त्यामुळं मला ते फारच आवडलं.

मार्चच्या शेवटी धान फुलोऱ्यावर आलं आणि मी कात्री-चिमटा घेऊन बसले. पहिल्याच फुलात चिमटा अलीकडं टेकला. पुन्हा नेला, तर पलीकडं. तिसऱ्यांदा पुंकेसरांबरोबर मादीच चिरडली. मी चिमट्याला नावं ठेवली. मग वाऱ्याला. मग शेजारी बसलेल्या बाईला, तिची सावली पडते म्हणून. ती बिचारी उन्हाच्या भलत्याच बाजूला बसली होती. दिवसभरात मी जितकी फुलं बिघडवली, तितकी चौदा वर्षांत बिघडवली नसतील.

संध्याकाळी त्या सावलीवाल्या बाईनंच माझ्या हातातला चिमटा काढून घेतला. "डावा डोळा झाक," ती म्हणाली. "आता सांग, माह्यं तोंड कसं दिसते?"

तिचं तोंड दुधाळ दिसत होतं. डोळे कुठं संपतात आणि कपाळ कुठं सुरू होतं ते कळेना. मी म्हटलं, "नेहमीपेक्षा बरं दिसतं." ती हसली नाही. मलाही हसू आलं नाही.

त्या संध्याकाळी मी खरी घाबरले. उजवा डोळा गेला तर मी आंधळी होणार नव्हते, पण चिमटा जाणार होता. पुन्हा विळा हातात घेऊन निंदणाला बसायचं. निंदण काढायची मला लाज नाही. पण या जगात एकच गोष्ट अशी होती, की जी माझ्यासारखी तिथं कुणालाच जमत नव्हती, आणि ती माझी होती. ती मला सोडायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी नवरा, मी आणि हट्टानं बरोबर आलेल्या आत्याबाई असे तिघं चंद्रपूरला गेलो. डॉक्टरनं यंत्रातून डोळा पाहिला आणि खुर्ची मागं ढकलली.

"इतके दिवस कुठं होता?"

मी सगळं खरं सांगितलं. रोवणा, आठवा दिवस, पांढरी मुळी, जीव धरला, झिंग्यांचा रस्सा. ऐकता ऐकता तिला हसू फुटलं, आणि लगेच तिनं ते आवरलं.

"ताई, डोळ्याची ही समोरची काच असते ना, तिच्यात रक्ताची एकही वाहिनी नसते. नसते म्हणून तर ती काच आहे. तिचं पोषण आसवांतून होतं, आतल्या पाण्यातून होतं. बुरशीनं मार दिला, डोळा घाबरला आणि त्यानं रक्ताला हाक मारली. म्हणून या नव्या वाहिन्या फुटल्या. त्या कच्च्या असतात, पाझरतात. काच गढूळ करतात."

"म्हणजे बांधीत पाट काढला आणि पाण्याबरोबर गाळ आला," मी म्हटलं.

"तसंच. आणि तुमचा पाट मधल्या बाहुलीच्या अगदी जवळ आलाय. मध्ये पोचला की नजर गेली. पुढं कुणाच्या दानाची काच बसवायची म्हटलं, तरी जिथं अशा वाहिन्या असतात तिथं शरीर ती लवकर नाकारतं. लाल दिसलं तेव्हाच यायला हवं होतं."

बाहेर बाकावर आत्याबाई बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय म्हणते मॅडम? धरला ना जीव?"

मी काय बोलले ते लिहायला मला आज लाज वाटते. पण लिहिते. मी भर दवाखान्यात ओरडले, "तुमच्यामुळं माझा डोळा चालला! काही कळत नाही तर सांगता कशाला?" बाकावरची सगळी माणसं, कुणाला एका डोळ्यानं, कुणाला दोन डोळ्यांनी दिसत होतं तेवढं, आमच्याकडं पाहू लागली. आत्याबाई पदर ओढून बसून राहिल्या. मीही मान डोलावली होती, हे त्या वेळी मला सोयीस्करपणे आठवलं नाही.

उपचार ऐकूनच नवरा पाणी प्यायला बाहेर गेला. डोळ्याच्या पांढऱ्या भागात, बुबुळाच्या कडेला, बारीक सुईनं औषध टोचायचं होतं. नवीन वाहिन्यांची वाढ थांबवणारं औषध. सूज उतरवायचे थेंबही होते, पण बुरशी जराही शिल्लक असली तर त्या थेंबांनी तीच माजते. म्हणून डॉक्टरनं आधी पुन्हा खरवडून तपासलं, बुरशी नाही याची खात्री केली, आणि मगच पुढचं ठरवलं. ही गोष्ट मला पटली. आम्हीही जुनं बियाणं बांधीत शिल्लक नाही ना हे पाहिल्याशिवाय नवं पेरत नाही.

टोचताना मला वाटलं होतं की सुई येताना दिसेल. डॉक्टरनं बधिर करणारे थेंब घातले, पापण्या ताणून धरल्या आणि म्हणाली, "खाली पाहा आणि मला सांगा, धानाचं लग्न कसं लावता?" मी सांगायला लागले. नराला बाहेर काढण्यापर्यंत पोचले तोवर ती म्हणाली, "झालं." जरासा दाब जाणवला, बस. मी म्हटलं, "मॅडम, अर्धं लग्न राहिलं." ती म्हणाली, "महिन्यानं दुसरं इंजेक्शन आहे, तेव्हा पूर्ण करा."

मग थेंबांचं राज्य आलं. आधी दिवसातून सहा वेळा, मग पाच, मग चार, असे आठवड्या-आठवड्यानं कमी करायचे. एकदम बंद करायचे नाहीत, स्वतःच्या मनानं वाढवायचे नाहीत, आणि डोळ्यातला दाब तपासायला दर वेळी जायचं. घरात घड्याळ आहे, पण आत्याबाईंचा घड्याळावर विश्वास नाही. त्या दिवसानंतर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या, पण थेंबांची जबाबदारी त्यांनी न विचारता स्वतःकडं घेतली. पहिली एसटी गेली की एक. शाळेची घंटा झाली की दुसरा. बकऱ्या रानातून परतल्या की आणखी एक. एसटी उशिरा आली तर त्या ड्रायव्हरला बोल लावायच्या. "थेंबाची टैम टळून राह्यली ना भाऊ!" त्या ड्रायव्हरला शेवटपर्यंत कळलं नाही, की कसला थेंब आणि त्याचा काय संबंध.

मी त्यांची माफी मागायला हवी होती. रोज ठरवायचे. पण डोकं मागं करून, डोळा उघडा ठेवून थेंब घालून घेताना माफी मागता येत नाही. निदान मला तरी आली नाही.

दोन इंजेक्शनं झाली. एक जाड वाहिनी तेवढी हट्टाला पेटली होती, तिला बारीक सुईनं चटका देऊन बंद केलं. पावसाळा लागेपर्यंत आरशातले लाल धागे फिके पडत पडत दिसेनासे झाले. डॉक्टर म्हणाली, वाहिन्या अजून आहेत, पण रिकाम्या आहेत, त्यांतून रक्त वाहत नाही. कडेचा पांढरा डाग तसाच राहिला, त्याची माझी कायमची सोबत. मधली काच मात्र निवळली.

ऑक्टोबरात खरिपाचं धान फुललं. सावलीवाली बाई मुद्दाम समोर येऊन बसली. मी टोक छाटलं, चिमटा आत घातला. एक, दोन, तीन. चिमटा जिथं नेला तिथंच टेकत होता. चार, पाच, सहा. मादी जागच्या जागी. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी तिला म्हटलं, "बघ, पाऊण मिनिट." ती म्हणाली, "तीन मिनिटं लागली." तेवढी लागली असतील.

महिनाभरानं पिशव्या उघडल्या तेव्हा आत दाणे भरले होते. ते तळहातावर घेऊन मी घरी आले आणि आत्याबाईंना दाखवले. त्यांनी एकेक दाणा उलटून पाहिला. मग म्हणाल्या, "येत्या खेपेले मी बी येतो तुह्यासंगं दवाखान्यात."

मला वाटलं, सोबत म्हणून येतात. चंद्रपूरला माझी तपासणी झाली, सगळं ठीक निघालं आणि मी उठले, तशा आत्याबाई माझ्या जागी यंत्रासमोर जाऊन बसल्या. ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या. हनुवटी टेकवून, डावा डोळा मोठ्ठा उघडून त्या म्हणाल्या, "मॅडम, माह्याबी डोळ्याचं पाहा. हा पोरगा रांगत होता तवा धानाचं कुसळ गेलं होतं. माह्या मायनं सांगतलं होतं का डोळ्यानं जीव धरला, आता हळूहळू दिसन. मी वाट पाहून राह्यली. सुनेचा त सहा महिन्यात झाला, माह्याले काऊन इतका टैम लागून राह्यला?"

रांगणारा तो पोरगा म्हणजे दाराशी उभा असलेला माझा नवरा. त्याचे कानावरचे केस पांढरे झालेत.

डॉक्टरनं बराच वेळ पाहिलं. पाहण्यासारखं फार नव्हतं, ते मलाही कळत होतं. मग तिनं स्टूल जवळ ओढलं, त्यांचा हात हातात घेतला आणि खोटं न बोलता सांगितलं. औषध नव्या वाहिन्यांना लागू पडतं. या फार जुन्या आहेत, सगळी काच त्यांनी व्यापली आहे. दुसरी काच बसवली तरी ती टिकण्याची आशा अगदी थोडी. आजी, या डोळ्याला आता दिसणार नाही.

आत्याबाई म्हणाल्या, "बरं." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "म्हणजे मी तुले आंधळी करून राह्यली होती वो बाई."

इतके महिने मी त्यांना अडाणी समजत होते. त्यांच्या हातात जी आशा होती, ती त्यांनी त्या सकाळी अंगणात मला दिली होती, एवढंच. स्वतःच्या डोळ्यासाठी जिची वाट पाहत होत्या तीच. मी माफी मागितली. तिथंच, त्याच बाकाजवळ, जिथं ओरडले होते. ओरडताना शब्द भराभर आले होते. माफीला फार वेळ लागला. त्या "होते असं, होते" म्हणत माझ्याच पाठीवर हात फिरवत राहिल्या.

यंदाच्या रोवण्याचा आठवा दिवस आला. बाया बांधावर येऊन बसल्या आणि आत्याबाईंचा पत्ता नाही. मी घरी गेले. त्या चुलीपुढं बसून होत्या. म्हणाल्या, "तूच पाह्य जा. तुह्ये दोन डोळे हायेत. माह्यं सांगणं काही खरं नाई."

मला राग आला. माझा राग अजून तसाच आहे, त्याच्यावर कसलं औषध नाही. मी म्हटलं, "डोळ्याचं तुम्हाला कळलं नाही, ते मलाही कळलं नाही. धानाचं तुम्हाला कळतं. उठा, बाया खोळंबल्यात." आणि हाताला धरून त्यांना बांधीवर आणलं.

चिखलात उतरून मी एक पऱ्हा उपटला, धुतला आणि त्यांच्या हातात दिला. मुळी मला दिसली होती. दोन्ही डोळ्यांनी, स्वच्छ दिसली होती. आत्याबाईंनी पऱ्हा उन्हाकडं वळवला, उजव्या डोळ्याजवळ नेला आणि पाहत राहिल्या. नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहत राहिल्या.

"धरला," त्या म्हणाल्या. बाया उठल्या आणि खताची पोती उघडायला गेल्या.